नो-हडल ऑफेन्सविरुद्ध डिफेन्सची तयारी : फिल्मच्या खोलीतल्या नोंदी

अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये डिव्हिजन थ्री नावाचा थर आहे. इथे खेळासाठी शिष्यवृत्ती मिळत नाही. कोच मंडळी मोजकीच असतात, त्यामुळे व्हिडिओ कापण्यापासून पाण्याच्या बाटल्या भरण्यापर्यंतची कामं विद्यार्थ्यांच्या गळ्यात पडतात. मी अशाच एका कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकते आणि डिफेन्सच्या (समोरच्या ऑफेन्सला, म्हणजे बॉल पुढे नेणाऱ्यांना, अडवणाऱ्या गटाच्या) कोचच्या हाताखाली फिल्मचं काम बघते. परदेशात शिकणारी आपली मुलंमुली आता अशा कामांत दिसायला लागली आहेत. त्यांच्या उपयोगी पडतील म्हणून या नोंदी मराठीत ठेवल्या. आमच्या आणि समोरच्या संघाचं नाव मुद्दाम दिलेलं नाही.

7 ऑक्टोबर 2024, सोमवार

या शनिवारी सामना नाही. पुढचा 19 तारखेला, घरच्या मैदानावर. समोरचा संघ दर सामन्याला चाळीसच्या वर गुण करतोय. त्यांच्या आधीच्या सामन्यांची फिल्म हडल (Hudl) नावाच्या व्हिडिओ साइटवर आली आहे, ती बुधवारपर्यंत टॅग करून द्यायची.

त्यांचा खेळ थोडक्यात असा. चार रिसीव्हर (पास झेलणारे), एक रनिंग बॅक (बॉल घेऊन पळणारा), आणि दोन प्लेंच्या, म्हणजे चालींच्या, मध्ये गोल करून बोलणं (हडल) नाही. बाहेरचे रिसीव्हर जवळजवळ साइडलाइनला चिकटून उभे राहतात. टेनेसी विद्यापीठाचा संघ कोच जॉश ह्यूपल यांच्या हाताखाली खेळतो, त्याच जातीचं हे. बेलर विद्यापीठात कोच आर्ट ब्राइल्स यांच्या काळात ते रुळलं. रिसीव्हर लांब गेला की त्याच्यावरचा माणूसही लांब जातो आणि मैदानाचा मधला भाग ओस पडतो. तिथे माणूस ठेवला तर रिसीव्हर मोकळा, नाही ठेवला तर रन. त्यात बॉल टेकला रे टेकला की पुढचा स्नॅप, म्हणजे बॉल मागे देऊन प्ले सुरू.

रकाने ठरवले: डाऊन (दहा यार्डांसाठी मिळणाऱ्या चार प्रयत्नांतला कितवा), अंतर, हॅश (मैदानावरच्या खुणांच्या दोन ओळींपैकी बॉल कुठे), फॉर्मेशन (खेळाडूंची मांडणी), रनिंग बॅकची बाजू, प्ले, निकाल, आणि मागची प्ले संपल्यापासून स्नॅपपर्यंत गेलेले सेकंद.

8 ऑक्टोबर, मंगळवार

शेवटच्या रकान्यानं दुपार खाल्ली. कोच लोकांना मिळणारी फिल्म स्नॅपच्या जरा आधी सुरू होते आणि शिट्टी वाजली की कापलेली असते. दोन प्लेंच्या मधला वेळ, म्हणजे नेमका मला हवा तो, तिच्यात नाहीच. मैदानावरचं घड्याळही फ्रेममध्ये येत नाही.

उपाय संध्याकाळी सापडला. त्यांच्या घरच्या सामन्यांचं फुकट थेट प्रक्षेपण होतं आणि रेकॉर्डिंग तसंच पडून राहतं. ते न कापलेलं असतं. कॅमेरा हलतो, मध्येच प्रेक्षकांतलं एखादं पोरगं दाखवतात, पण फोनवरचं स्टॉपवॉच लावून वेळ मोजता येतो. हे करायचं असेल तर पहिल्याच दिवशी प्रक्षेपण शोधा.

फॉर्मेशनच्या रकान्यात मी आधी प्रत्येक बारकाव्याला वेगळं नाव देत होते. यादी इतकी वाढली की एकेका नावाखाली दोन-तीनच प्ले उरल्या आणि त्यातून काही निष्कर्ष निघेना. शेवटी किती रिसीव्हर रुंद बाजूला आणि किती अरुंद बाजूला, एवढंच ठेवलं.

ही रुंद-अरुंद भानगड कॉलेजच्या खेळात फार महत्त्वाची आहे. मैदान 160 फूट रुंद. कॉलेजच्या दोन हॅशमध्ये 40 फुटांचं अंतर असतं. बॉल हॅशवर असला तर एका बाजूला 60 फूट, दुसऱ्या बाजूला 100. एनएफएलमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये, हॅश जवळजवळ असल्यामुळे हेच आकडे साधारण 71 आणि 89 होतात. म्हणून एनएफएलची क्लिप दाखवून ‘असं उभं राहा’ असं कॉलेजच्या सेफ्टीला (डिफेन्सच्या सगळ्यात मागच्या खेळाडूला) सांगण्यात अर्थ नसतो. यांचा सगळ्यात चांगला रिसीव्हर बहुतेक वेळा अरुंद बाजूला एकटा असतो आणि स्क्रीन, म्हणजे जवळच टाकलेले छोटे पास, रुंद बाजूला जातात.

9 ऑक्टोबर, बुधवार

स्टॉपवॉचचे आकडे बघून कोच खुर्चीत सरळ झाले. हा संघ कायम वेगात नसतो. फर्स्ट डाऊन (दहा यार्ड पार करून चार नवे प्रयत्न) मिळाला की पुढचा स्नॅप बारा-पंधरा सेकंदांत येतो. पास खाली पडला की मात्र सगळे साइडलाइनकडे बघत उभे, आणि 40 सेकंदांच्या घड्याळातले जवळपास सगळे वापरतात. म्हणजे वेग हा त्यांचा स्वभाव नाही. जखमेवर मीठ चोळायला तो वापरतात.

10 ऑक्टोबर, गुरुवार

दुसऱ्यांनी काय केलं ते बघण्याचा दिवस. कोचनी तीन सामने नेमून दिले होते, एक मी वाढवला.

5 नोव्हेंबर 2022, जॉर्जिया विरुद्ध टेनेसी. टेनेसीनं तीनच आठवडे आधी अलाबामाला 52-49 हरवलं होतं. जॉर्जियानं त्यांना 13 गुणांवर रोखलं आणि 27-13 जिंकले. बघायला सुरेख, पण घेण्यासारखं कमी. जॉर्जियाकडे जेलन कार्टर होता, पुढच्या रांगेतला, म्हणजे लाइनमन. तो एकटा दोन ब्लॉकर अडकवायचा, म्हणून मागे माणसं शिल्लक राहायची. शिवाय सॅनफर्ड स्टेडियमच्या आरड्याओरड्यात टेनेसीचे लाइनमन पुन्हा पुन्हा स्नॅपआधीच हलत होते. आमच्या घरच्या सामन्याला आईवडील, बँडवाले आणि त्यांचे मित्र असतात.

7 नोव्हेंबर 2013, स्टॅनफर्ड विरुद्ध ऑरेगन, 26-20. स्टॅनफर्डच्या ऑफेन्सनं बॉल 42 मिनिटांहून जास्त वेळ स्वतःकडे ठेवला. समोरच्याला मैदानावर येऊच द्यायचं नाही, हाही एक डिफेन्सच. आमचं ऑफेन्स मात्र पास टाकणारं. त्यांच्या कोचला ‘जरा सावकाश खेळा’ म्हणायला कोण जाणार?

7 ऑक्टोबर 2017, आयोवा स्टेट विरुद्ध ओक्लाहोमा, ओक्लाहोमाच्याच मैदानावर. इथे मी थांबले. आयोवा स्टेटचे डिफेन्सचे कोच जॉन हीकॉक यांनी तीन लाइनमन पुढे ठेवले आणि मागे दोनच्या ऐवजी तीन सेफ्टी. तिसरा मधोमध, खोल. पास असेल तर तो तिथेच, रन असेल तर धावत खाली येतो. ओक्लाहोमाचा क्वार्टरबॅक (पास टाकणारा) बेकर मेफिल्ड समोर असताना आयोवा स्टेट 38-31 जिंकलं. 31 गुण देऊन जिंकलं, हे मी वहीत दोनदा अधोरेखित केलं.

मी वाढवलेला सामना ऑबर्न विरुद्ध एलएसयू, 26 ऑक्टोबर 2019. क्वार्टरबॅक जो बरो याचा एलएसयू (लुइझियाना स्टेट) संघ त्या वर्षी 15 पैकी 15 सामने जिंकला. ऑबर्ननं तीन लाइनमन, एक लाइनबॅकर (लाइनमनच्या मागचा) आणि सात त्याहून मागचे अशी मांडणी केली. एलएसयूनं 500हून जास्त यार्ड काढले, पण गुण 23. त्या मोसमातले त्यांचे सगळ्यात कमी. ऑबर्न 20-23 हरलं, हेही खरं.

कोचला सांगायला मला सोपा शब्द सापडेना. मराठीत मात्र लगेच सांगता येईल: चौकार बंद करायचे, एकेरी धावा द्यायच्या. यार्ड जाऊ देत. वीस यार्डांच्या वरची एकही प्ले जाता कामा नये. दहा-बारा प्ले खेळूनच गुण मिळतील असं केलं की त्यातली एखादी त्यांच्या हातून बिघडते.

12 ऑक्टोबर, शनिवार

दसरा. रूममेटनं माझ्या लॅपटॉपला हळदकुंकू वाहिलं, कीबोर्डच्या फटीत गेलेलं कुंकू अजून निघालेलं नाही.

दिवसभर आरपीओच्या, म्हणजे रन-पास ऑप्शनच्या, क्लिप. यात क्वार्टरबॅक डिफेन्सचा एकच माणूस बघतो, बहुतेक वेळा आतला लाइनबॅकर. तो पुढे आला तर त्याच्या मागे पास, थांबला तर बॉल रनिंग बॅकच्या पोटात. लाइनमन दोन्ही वेळा रनसारखेच ब्लॉक करतात. पास सुटेपर्यंत त्यांना रेषेच्या पुढे तीन यार्डांपर्यंत जायला कॉलेजच्या नियमात मुभा आहे, एनएफएलमध्ये एकच. त्यामुळे लाइनमनकडे बघून रन ओळखायला लहानपणापासून शिकलेला लाइनबॅकर इथे हमखास फसतो.

एक क्लिप मी फ्रेम फ्रेम करून पाहिली. लाइनबॅकर समोरच्या गार्डला (ऑफेन्सच्या लाइनमनपैकी एकाला) पुढे येताना बघतो आणि डावा पाय उचलतो. ते पाऊल अजून हवेत असतानाच बॉल क्वार्टरबॅकच्या हातातून सुटलेला आहे. पाऊल टेकतं तेव्हा बॉल त्याच्या उजव्या खांद्यामागून जातोय आणि रिसीव्हरच्या हातात पडतोय. त्याच्याकडून चूक अशी काहीच झाली नाही. वीस वर्षांपूर्वी ते पाऊल बरोबर होतं.

कोचचा तोडगा आयोवा स्टेटच्या वाटेनं जाणारा. एक लाइनमन सेंटरच्या (स्नॅप देणाऱ्याच्या) नाकासमोर, बाकीचे दोघे समोरच्या टॅकल्सच्या (लाइनच्या दोन टोकांच्या लाइनमनच्या) आतल्या खांद्यावर. त्यामुळे आतल्या फटी बुजतात आणि रन आपोआप बाहेर वळतो. लाइनबॅकरला धावत पुढे जायची गरज उरत नाही, क्षणभर थांबता येतं. त्याच्या वाटचं रनचं काम मधला सेफ्टी बारा यार्डांवरून येऊन करतो. याची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते: क्वार्टरबॅकवर दबाव कमी येतो, आणि बाहेरून पळायला जागा मिळते. ती मोजायची, असं ठरलं.

एंड झोनच्या (मैदानाच्या टोकाच्या, गुण मिळवायच्या पट्ट्याच्या) मागच्या कॅमेऱ्यातून एक खूणही मिळाली. रनिंग बॅकच्या टाचा क्वार्टरबॅकच्या मागे असल्या तर बहुधा रन, पंजे त्याच्या रेषेत आले तर पास. घाईत असताना मात्र बॅक कसाही उभा राहतो, तेव्हा ही खूण धरू नये.

14 ऑक्टोबर, सोमवार

आमच्याकडे कॉल (प्लेआधी डिफेन्सला कळवायच्या मांडण्या) फार. प्रत्येक कॉलमध्ये लाइनचा शब्द, कव्हरेजचा (पास कसा अडवायचा याचा) शब्द, बाजूचा शब्द. यंदापासून वरच्या थरात, म्हणजे एफबीएसमध्ये, एका खेळाडूच्या हेल्मेटमध्ये रेडिओ चालतो. आमच्या थरात हातवारेच. बारा सेकंदांत तीन खुणा बघून अकराजणांना कळवणं होत नाही.

मनगटावरचे पट्टे मागवले होते, आत छापलेला तक्ता, साइडलाइनवरून फक्त आकडा दाखवायचा. आज मैदानावर पहिल्यांदा घातले. घामानं प्लास्टिकच्या आत वाफ धरली, बारीक अक्षर वाचता येईना. त्याहून वाईट म्हणजे कॉर्नर (बाहेरच्या रिसीव्हरवरचा माणूस) मान खाली घालून तक्ता वाचतोय आणि रिसीव्हर त्याच्या शेजारून निघून गेलाय. पट्टे सगळ्यांच्या हातांवरून काढले, फक्त मधल्या लाइनबॅकरकडे एक ठेवला. पैसे गेले.

त्याऐवजी एकच कॉल कायमचा लागू. नाव ‘होम’. साइडलाइनवरून काही आलं नाही, दिसलं नाही, कळलं नाही, तर सगळे होममध्ये. तीन लाइनमन, तीन सेफ्टी, बॉल समोर ठेवणारं कव्हरेज. बाकीचे कॉल फक्त समोरचे सावकाश असतील तेव्हा. स्टॉपवॉचच्या आकड्यांवरून असं दिसतं की फर्स्ट डाऊननंतर जवळजवळ नेहमी होमच लागेल.

15 ऑक्टोबर, मंगळवार

आजचा सराव वाया गेला.

समोरच्या संघाची नक्कल करायला आमचीच राखीव मुलं असतात, त्यांना स्काउट टीम म्हणतात. पद्धत अशी की कोच गोलात कार्ड धरतो, अकराजण त्यावरची आकृती बघतात, मग रांगेत येतात. म्हणजे दर प्लेला अर्ध्या मिनिटाच्या वर. डिफेन्स निवांत गप्पा मारत उभं. पाच-पाच मिनिटांचे तीन हप्ते असेच गेले आणि होम एकदाही वापरावा लागला नाही, कारण सगळ्यांना बोलायला भरपूर वेळ होता. कार्डं मी रविवारी रात्री रंगीत पेनांनी काढली होती. देखणी होती.

रात्री बदललं ते असं. स्काउट टीमचे दोन गट. एक प्ले खेळत असताना दुसरा मागे उभा राहून पुढची बघतो. शिट्टी झाली की पहिला गट बाहेर पळतो, दुसरा आत. दोन बॉल, टेकवायला एक माणूस वेगळा. कार्डांऐवजी आठ ठरलेल्या प्ले, त्यांना आकडे. सुंदर आकृत्या कचऱ्यात. नक्कल हुबेहूब नसली तरी चालेल, वेळ हुबेहूब हवा.

16 ऑक्टोबर, बुधवार

चाललं. फार चाललं. दोन गटांनी डिफेन्सला असं पळवलं की लाइनमन गुडघ्यांवर हात टेकून उभे. पहिल्या वर्षाचा एक सेफ्टी तोंडानं ‘होम, होम’ म्हणत होता आणि उभा होता जुन्या जागी. त्याला बाजूला घेऊन जागा दाखवली तेव्हा कळलं की शब्द पाठ आहे, पण बॉल डाव्या हॅशवर असताना मधला सेफ्टी म्हणजे मैदानाचा मध्य की फॉर्मेशनचा मध्य, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. उत्तर: फॉर्मेशनचा. तीन वरिष्ठ मुलांनाही हा प्रश्न होता, विचारायची लाज वाटत होती.

थकलेल्या लाइनमनचा प्रश्न वेगळा. ऑफेन्सनं खेळाडू बदलला तर पंच बॉलवर उभा राहतो आणि डिफेन्सलाही बदलायला वेळ देतो. त्यांनी बदललाच नाही, तर आपण आपल्या जबाबदारीवर. माणूस मैदानाबाहेर पडायच्या आत स्नॅप झाला तर बारा खेळाडूंची पेनल्टी. म्हणून नियम केला: पास खाली पडला की तिघंही लाइनमन एकदम बदलायचे, कारण तेव्हाच समोरचे सावकाश होतात. इतर वेळी कोणीही हात वर करायचा नाही.

17 ऑक्टोबर, गुरुवार

पाऊस. जिममध्ये चालत चालत रेड झोनचा, म्हणजे एंड झोनआधीच्या शेवटच्या वीस यार्डांचा, सराव. मागे एंड झोनचे दहाच यार्ड उरले की खोल पास संपतात, मधल्या सेफ्टीला खोल उभं राहायचं कारण राहत नाही. वीस यार्डांच्या आत आलो की तो लाइनबॅकरच्या रांगेत. बाकी काही नवीन नाही.

19 ऑक्टोबर, शनिवार

24-27, हरलो.

पहिल्या ड्राइव्हला (बॉल हातात असतानाच्या सलग प्लेंना) ते मुद्दाम संथ खेळले. आम्ही इतर कॉल वापरले, तीन-चार प्लेंत त्यांनी बॉल किक करून दिला. दुसऱ्या ड्राइव्हला फर्स्ट डाऊन मिळाला आणि त्यांनी वेग घेतला. आमचा कॉर्नर अजून साइडलाइनकडे खूण शोधत होता. अरुंद बाजूचा तोच रिसीव्हर, लांब पास, टचडाऊन. साइडलाइनकडे बघायचंच नाही हे आठवडाभर सांगूनही मान वळली, कारण पहिल्या ड्राइव्हला खुणा येत होत्या. संथ असतानाही सुरुवात होमनंच करायला हवी होती, म्हणजे सवय लागली असती.

त्यानंतर सामना संपेपर्यंत वीस यार्डांच्या वरचा पास एकही नाही. स्क्रीन, पाच यार्ड. रन, चार यार्ड. बघताना दात ओठ खायची वेळ येते, गॅलरीतले पालक ‘पुढे जा ना’ म्हणून ओरडतात. दोनदा रेड झोनमध्ये येऊन त्यांना फील्ड गोलवर, म्हणजे किक मारून मिळणाऱ्या कमी गुणांवर, समाधान मानावं लागलं. एकदा घाईत त्यांच्याच सेंटरनं स्नॅप क्वार्टरबॅकच्या डोक्यावरून टाकला.

तिसऱ्या क्वार्टरला क्वार्टरबॅक स्वतः बाहेरून पळू लागला. मागच्या शनिवारी ठरवलेली किंमत ती हीच. कोचनी रुंद बाजूच्या सेफ्टीला तीन यार्ड खाली आणि बाहेर सरकवलं, तेव्हा ते थांबलं. हे कळायला दोन ड्राइव्ह गेले, त्यातला एक टचडाऊनचा.

शेवटचा ड्राइव्ह. आम्ही 24-20 पुढे. त्यांनी एकही पास खाली पाडला नाही, म्हणून लाइनमन बदलायची आमची वेळ आलीच नाही. तेच तिघं दहाच्या वर प्ले सलग. शेवटच्या दोन रनना नाकासमोरचा लाइनमन ब्लॉकरला नुसता टेकून उभा होता. टाइमआऊट हातात एक होता, आपल्या ऑफेन्ससाठी राखून ठेवलेला. माझ्या मते तो तिथेच खर्चायला हवा होता. कोचचं मत वेगळं आहे.

20 ऑक्टोबर, रविवार

सामना टॅग केला. फर्स्ट डाऊननंतर होममध्ये असताना दिलेले यार्ड सरासरी चारच्या आसपास, म्हणजे मांडणी टिकली. जे गुण गेले ते तिच्या कडांना: एक वळलेली मान, बाहेरचा रन, दमलेले पाय. पुढच्या वर्षी याच संघाशी पुन्हा सामना आहे, म्हणून फाइलमध्ये पहिली ओळ लिहून ठेवली: ‘पास पडण्याची वाट बघू नका, ठरावीक प्लेंनंतर टाइमआऊट घ्या.’

खर्च: मनगटपट्टे, लॅमिनेशन, रंगीत छपाई मिळून दीडशे डॉलरच्या आत. त्यातलं कामाला आलं ते एकच पट्टा आणि काळ्या शाईत छापलेली आठ प्लेंची यादी. स्काउट टीमसाठी गुरुवारी आणलेले डोनट यात धरलेले नाहीत, ते माझ्या खिशातून. कुणी हे काम पहिल्यांदा करणार असेल तर पट्ट्यांचे पैसे वाचवा, डोनट आणा. पहिल्या वर्षाची जी पोरं शनिवारी मैदानात उतरणारही नाहीत, त्यांनी मन लावून पळावं यासाठी आपल्याकडे दुसरं काही नसतं.

पुढच्या शनिवारचा संघ आर्मी-नेव्हीच्या (सैनिकी अकादमींच्या) संघांसारखा ट्रिपल ऑप्शन खेळतो, म्हणजे बॉल तिघांपैकी कोण नेणार ते प्ले चालू असताना ठरतं. पास नावालाच, घड्याळ शेवटच्या सेकंदापर्यंत चालू देतात. सेकंदांचा रकाना काढून टाकला, ‘फुलबॅकला कोणी पकडलं’ हा नवा घातला. फिल्म दुपारी यायची होती, अजून आलेली नाही.